झीन आणि ग्रंथालय: हाताने केलेली पुस्तिका कपाटात कशी पोहोचते आणि तिथे तिचे काय होते?

झीन म्हणजे एखाद्या व्यक्तीने किंवा छोट्या गटाने स्वतः लिहून, चित्रे काढून, पाने जुळवून आणि बहुधा झेरॉक्स काढून तयार केलेली पुस्तिका. तिच्यामागे प्रकाशनसंस्था नसते, संपादक मंडळ नसते आणि नफ्याचा हिशेबही सहसा नसतो. काही डझन ते काही शे प्रती निघतात. त्या मित्रांना दिल्या जातात, टपालाने पाठवल्या जातात किंवा दुसऱ्या कोणाच्या झीनशी अदलाबदल केल्या जातात.

गेल्या काही दशकांत अनेक देशांतील सार्वजनिक आणि महाविद्यालयीन ग्रंथालये झीन जमवू लागली आहेत. एरवी नाहीसे झाले असते असे बरेच लेखन त्यामुळे टिकले. पण त्याबरोबर एक अवघड प्रश्नही पुढे आला. पन्नास ओळखीच्या माणसांसाठी काढलेली पुस्तिका ग्रंथालयाच्या तालिकेत गेली की ती कोणालाही, कधीही सापडू शकते. लिहिणाऱ्याला हे हवे होते का? झीन आणि ग्रंथालय यांचे नाते समजून घेताना हा प्रश्न टाळता येत नाही.

झीन हा शब्द आणि त्याचा इतिहास

‘मॅगझिन’ या शब्दाचा शेवटचा तुकडा म्हणजे ‘झीन’. स्पेलिंगवरून काही जण ‘झाइन’ म्हणतात, पण रूढ उच्चार ‘झीन’ असाच आहे.

या प्रकाराची सुरुवात विज्ञानकथांच्या वाचकांनी केली. १९२०च्या दशकात अमेरिकेत ‘अमेझिंग स्टोरीज’ हे विज्ञानकथांचे मासिक निघत असे. त्यात वाचकांची पत्रे त्यांच्या पत्त्यासह छापली जात. त्यामुळे दूरदूरचे वाचक एकमेकांना थेट पत्रे लिहू लागले, त्यांचे गट झाले आणि ते गट स्वतःचे अंक काढू लागले. शिकागोच्या सायन्स कॉरस्पॉन्डन्स क्लबने मे १९३० मध्ये काढलेला ‘द कॉमेट’ हा अशा अंकांपैकी पहिला मानला जातो. १९४० मध्ये रस शॉव्हने यांनी अशा अंकांसाठी ‘फॅनझीन’ हा शब्द वापरला. त्यातूनच पुढे नुसते ‘झीन’ उरले.

सुरुवातीचे बरेच अंक सायक्लोस्टाइल पद्धतीने निघत. १९७०च्या दशकात झेरॉक्स यंत्रे हाताशी आली आणि झीन काढणे आणखी सोपे झाले. १९७६ मध्ये लंडनमध्ये मार्क पेरी यांनी पंक संगीताविषयी ‘स्निफिन ग्लू’ सुरू केले. हाताने लिहिलेली शीर्षके, टाइप केलेला मजकूर, कापून चिकटवलेली चित्रे, खाडाखोडही तशीच. झीनचे हे रूप पुढे अनेकांनी उचलले. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत तरुण मुलींची ‘रायट गर्ल’ चळवळ उभी राहिली. या मुलींनी लैंगिक छळ, शरीर, मैत्री, राग अशा विषयांवर झीनमधून मोकळेपणाने लिहिले. वृत्तपत्रांत आणि मासिकांत अशा लेखनाला तेव्हा फारशी जागा नव्हती.

झीन एकमेकांपर्यंत पोहोचवण्याचे काम काही झीननीच केले. माइक गंडरलॉय यांनी १९८२ मध्ये सुरू केलेल्या ‘फॅक्टशीट फाइव्ह’मध्ये इतर झीनची छोटी परीक्षणे, किंमत आणि पत्ता असे. वाचक थेट त्या पत्त्यावर लिहून झीन मागवत. परीक्षणासाठी आलेल्या झीनचा मोठा साठा पुढे ऑल्बनी येथील न्यूयॉर्क स्टेट लायब्ररीत जमा झाला. हौसेने जमलेला कागद ग्रंथालयात कसा पोहोचतो, याचे हे एक जुने उदाहरण.

ग्रंथालयांनी झीन घ्यायला कधी सुरुवात केली?

विद्यापीठांच्या दुर्मीळ संग्रहांत झीन आधीपासून थोड्याफार प्रमाणात होती. सर्वसाधारण वाचकाला घरी नेता येतील अशी झीन ठेवण्याची कल्पना मात्र त्यामानाने नवी आहे.

अमेरिकेतील सॉल्ट लेक सिटीच्या सार्वजनिक ग्रंथालयात १९९७ मध्ये झीनचा विभाग सुरू झाला. त्यात पुढाकार घेणाऱ्या ग्रंथपाल ज्युली बार्टेल यांनी नंतर इतर ग्रंथालयांसाठी या विषयावर मार्गदर्शक पुस्तकही लिहिले.

न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजमध्ये ग्रंथपाल जेना फ्रीडमन यांनी २००३ मध्ये झीन ग्रंथालय सुरू केले. हे स्त्रियांचे महाविद्यालय आहे आणि संग्रहाचा भरही स्त्रियांनी काढलेल्या झीनवर राहिला. तिथली पद्धत साधी आहे. शक्य असेल तेव्हा प्रत्येक झीनच्या दोन प्रती घ्यायच्या. एक प्रत तापमान आणि आर्द्रता नियंत्रित ठेवलेल्या अभिलेखागारात जाते, दुसरी वाचकांसाठी खुल्या कपाटात. वापरून वापरून खुली प्रत फाटली, तरी पहिली सुरक्षित राहते.

सिएटलमध्ये १९९६ पासून स्वयंसेवकांनी सांभाळलेला हजारो झीनचा संग्रह जागेच्या अडचणीनंतर अखेर शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयाकडे गेला. ऑस्ट्रेलियातील मेलबर्नच्या स्टेट लायब्ररी व्हिक्टोरियामध्येही झीनचा मोठा संग्रह आहे.

ग्रंथालयाला झीन का हवी असतात?

पहिले कारण म्हणजे ती दुसरीकडे कुठे मिळत नाहीत. झीनला आयएसबीएन नसतो. पुस्तकविक्रेत्यांच्या यादीत ती नसतात आणि पुनर्मुद्रण जवळजवळ कधीच होत नाही. काढणाऱ्याचे घर बदलले, माळा साफ झाला की उरलेल्या प्रती रद्दीत जातात.

दुसरे कारण मजकुराचे. एखाद्या गावातील गाण्याच्या मैफली, एखाद्या कारखान्यातील रात्रपाळी, दीर्घ आजारासह जगणे, नव्या शहरात परके वाटणे अशा अनुभवांवर लोक पुस्तक लिहीत नाहीत, पण सोळा पानांचे झीन काढतात. त्या काळाचा अभ्यास करणाऱ्याला नंतर हा मजकूर सोन्यासारखा वाटतो.

तिसरे कारण वाचकांशी असलेल्या नात्याचे. ग्रंथालय आपल्याच परिसरातील माणसांचे लेखन कपाटात ठेवते, तेव्हा वाचकाला आपणही लिहू शकतो असे वाटू लागते. म्हणूनच अनेक ग्रंथालये झीन जमवण्याबरोबर झीन करण्याच्या कार्यशाळाही घेतात.

नोंद करताना येणाऱ्या अडचणी

पुस्तकाची नोंद करताना लेखक, शीर्षक, प्रकाशक आणि वर्ष लागते. झीनमध्ये यातले निम्मे सापडत नाही. लेखकाच्या जागी टोपणनाव असते किंवा नुसते पहिले नाव. वर्ष दिलेले नसते. मुखपृष्ठावर एक शीर्षक आणि आत दुसरेच, असेही असते. पहिल्या अंकानंतर थेट पाचवा अंक येतो.

म्हणून झीनच्या नोंदीत वर्णनाला महत्त्व येते. झीन कशाविषयी आहे, चित्रकथा आहे की रोजनिशी, किती पाने, हाताने लिहिलेले की टाइप केलेले, कुठे तयार झाले, हे सगळे दोन-तीन वाक्यांत लिहावे लागते. झीन सांभाळणाऱ्या ग्रंथपालांनी यासाठी ‘डब्लिन कोअर’ या सर्वमान्य नोंदपद्धतीवर आधारलेली ‘झीनकोअर’ नावाची पद्धत तयार केली. वेगवेगळ्या ग्रंथालयांतील झीन एकाच ठिकाणी शोधता यावीत म्हणून ‘झीनकॅट’ ही संयुक्त तालिकाही उभी राहिली.

संमतीचा प्रश्न

सतरा वर्षांच्या मुलीने १९९३ मध्ये स्वतःवरच्या अत्याचाराविषयी झीनमध्ये लिहिले, त्याच्या साठ प्रती काढल्या आणि विश्वासातल्या लोकांना दिल्या, असे समजू. तीस वर्षांनी त्यातली एक प्रत कोणीतरी ग्रंथालयाला भेट देते. ती मुलगी आता शिक्षिका आहे, आई आहे. तिने साठ जणांना सांगितले होते, इंटरनेटला नाही. अशी स्थिती झीनच्या संग्रहात वारंवार उद्भवू शकते, कारण झीनमधले बरेच लेखन खासगी आणि तरुण वयातले असते.

प्रत ग्रंथालयात असणे, तिची नोंद तालिकेत असणे आणि तिची पाने स्कॅन होऊन इंटरनेटवर असणे या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीवर वाचकाला प्रत्यक्ष यावे लागते. दुसऱ्या पायरीवर लेखकाचे नाव शोधयंत्रात दिसू शकते. तिसऱ्या पायरीवर मजकूर पूर्ण उघडा होतो आणि परत झाकता येत नाही.

तिसऱ्या पायरीवर काय होऊ शकते, हे २०१६ मध्ये दिसले. ‘ऑन अवर बॅक्स’ हे अमेरिकेतील समलिंगी स्त्रियांचे कामुक लेखनाचे आणि छायाचित्रांचे नियतकालिक होते. ते झीन नव्हते, पण तेही मर्यादित वाचकांसाठी होते आणि १९८४ पासून कागदावरच निघत असे. त्याचे जुने अंक स्कॅन करून खुले ठेवले गेले होते. छापील अंकासाठी दिलेली संमती ऑनलाइन प्रसिद्धीसाठी धरता येत नाही, असा आक्षेप ग्रंथपालांमधूनच पुढे आला. त्यानंतर ते अंक काढून घेण्यात आले.

झीन सांभाळणाऱ्या ग्रंथपालांनी २०१५ मध्ये एक आचारसंहिता प्रसिद्ध केली आणि तीही झीनच्याच रूपात. तिचा आशय थोडक्यात असा: शक्य तिथे झीन काढणाऱ्याशी संपर्क करावा, स्कॅन करून खुले करण्यापूर्वी परवानगी घ्यावी, कोणी नाव बदलले असेल तर त्याचा मान राखावा आणि झीन काढून टाकण्याची विनंती आली तर ती गांभीर्याने घ्यावी. हे नियम कायद्याने बांधलेले नाहीत. ग्रंथपाल आणि लेखक यांच्यातील विश्वासावर ते चालतात.

याला दुसरी बाजूही आहे. सगळ्यांची परवानगी मिळेपर्यंत थांबायचे ठरवले तर बरेच काही हरवेल, कारण टोपणनावाने लिहिणाऱ्याला शोधायचे कुठे? म्हणून अनेक ग्रंथालये मधला मार्ग निवडतात. प्रत जपायची, वाचनकक्षात वाचू द्यायची, पण परवानगीशिवाय ऑनलाइन टाकायची नाही.

भारतातील कायदा काय सांगतो?

भारतात लेखन किंवा चित्र निर्माण होताच त्यावर स्वामित्वहक्क मिळतो. त्यासाठी नोंदणी करावी लागत नाही. त्यामुळे झेरॉक्स काढलेल्या पुस्तिकेवरही तिच्या लेखकाचा हक्क असतो आणि ग्रंथालयाला प्रत दिल्याने तो हक्क ग्रंथालयाकडे जात नाही. स्वामित्वहक्क कायदा, १९५७ आणि त्यातील २०१२ची दुरुस्ती यांनुसार ना-नफा तत्त्वावरील सार्वजनिक ग्रंथालयाला आपल्याकडे असलेल्या कृतीची डिजिटल प्रत जतनासाठी साठवता येते. पण जतनासाठी साठवणे वेगळे आणि ती प्रत सर्वांसाठी इंटरनेटवर ठेवणे वेगळे.

१९५४च्या ग्रंथ प्रदान कायद्यानुसार प्रकाशकाने प्रत्येक नव्या पुस्तकाची प्रत ठरावीक ग्रंथालयांना द्यायची असते. कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय, चेन्नईचे कॉनेमरा ग्रंथालय, मुंबईचे मध्यवर्ती ग्रंथालय आणि दिल्ली सार्वजनिक ग्रंथालय ही ती चार ग्रंथालये. या कायद्यातील ‘पुस्तक’ शब्दाच्या व्याख्येत छापील पुस्तिकाही येतात. पण हाताने केलेल्या वीस प्रती या वाटेने सहसा पोहोचत नाहीत. म्हणून स्थानिक ग्रंथालयाने स्वतःहून जमवण्याला महत्त्व आहे.

मराठीतील जवळचे नातलग

‘झीन’ हा शब्द मराठीत नवा असला तरी हाताने काढलेला अंक नवा नाही. शाळा-महाविद्यालयांतील हस्तलिखित अंक आणि भित्तिपत्रके ही अनेकांच्या ओळखीची आहेत. हस्तलिखिताची बहुधा एकच प्रत असते. ती वर्गात फिरते आणि मग शाळेच्या कपाटात जाते.

लघुअनियतकालिकांची चळवळ तर याच्या आणखी जवळची. १९५४ मध्ये अरुण कोलटकर, दिलीप चित्रे आणि रमेश समर्थ यांनी ‘शब्द’ हा चक्रमुद्रित अंक सुरू केला. १९६०च्या दशकात अशोक शहाणे, राजा ढाले, भालचंद्र नेमाडे आदींनी अशी अनियतकालिके काढली. प्रस्थापित मासिकांना न रुचणारे लेखन त्यांतून आले. ही प्रामुख्याने वाङ्मयीन चळवळ होती, तर झीन कोणत्याही विषयावर निघते. पण थोड्या प्रती, स्वतःचा खर्च आणि संपादकाच्या संमतीची वाट न पाहणे हे दोन्हींत समान आहे. या अंकांतील लेखकांना आज मराठी साहित्यात मोठे स्थान आहे. तरीही मूळ अंक पाहायचा म्हटला तर एखाद्याचा खासगी संग्रह किंवा मोजकी ग्रंथालये शोधावी लागतात.

गेल्या काही वर्षांत मुंबईत झीनच्या कार्यशाळा होऊ लागल्या आहेत आणि ‘बॉम्बे झीन फेस्ट’ही भरला आहे. कलाकार आकी थामी यांनी सुरू केलेले ‘सिस्टर लायब्ररी’ स्त्रियांच्या लेखनाला आणि कलेला वाहिलेले आहे.

ग्रंथालयाला झीन देताना

महाराष्ट्रातील शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालये १९६७च्या अधिनियमाखाली चालतात. तिथे झीनसाठी वेगळा विभाग नसला तरी भेट म्हणून आलेले साहित्य दाखल करून घेण्याची पद्धत असते. शिवाय दिवाळी अंक फिरवण्याच्या योजना अनेक वाचनालयांत आहेत, त्यामुळे पातळ अंक सांभाळणे कर्मचाऱ्यांना नवीन नाही. देण्यापूर्वी ग्रंथपालांशी बोलून घ्यावे आणि पुढील गोष्टी कराव्यात:

- शक्य असेल तर दोन प्रती द्याव्यात. एक वाचनासाठी, एक जपण्यासाठी.
- झीनच्या आत कुठेतरी शीर्षक, अंक क्रमांक, महिना-वर्ष आणि गाव लिहावे. नाव द्यायचे नसेल तर टोपणनाव चालते.
- सोबत एका चिठ्ठीवर परवानगी स्पष्ट लिहावी. घरी नेऊ द्यायचे का, झेरॉक्स काढू द्यायची का, स्कॅन करून ऑनलाइन ठेवायचे का, याची तीन वेगळी उत्तरे द्यावीत.
- तालिकेत कोणते नाव असावे हेही लिहावे. संपर्काचा पत्ता दिला तर तो नोंदीत दिसू नये असे सांगता येते.
- दुसऱ्या कोणाची गोष्ट, पत्र किंवा फोटो झीनमध्ये असेल तर त्या व्यक्तीला आधी विचारावे.
- दुसऱ्याने काढलेले झीन परस्पर देऊन टाकू नये.

कागद टिकवण्यासाठी

झीन टिकायचे असेल तर काही साध्या गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात. लोखंडी पिना दमट हवेत गंजतात आणि घडीवर तांबडे डाग पडतात. किनारपट्टीवर हे लवकर होते. पिनांऐवजी दोऱ्याची शिवण घातली तर हा त्रास टळतो. चिकटपट्टी काही वर्षांत पिवळी पडून सुटते, म्हणून मूळ पान चिकटवून केले तरी वाटायची प्रत झेरॉक्सची ठेवावी. झेरॉक्सची शाई बरीच टिकते. बिलांसाठी वापरतात त्या कागदावरची अक्षरे मात्र उडून जातात.

ग्रंथालयात झीन पुस्तकांसारखी उभी ठेवली की ती वाकतात किंवा दोन जाड पुस्तकांमध्ये हरवतात. आम्लविरहित कागदाच्या पाकिटात घालून खोक्यात ठेवणे चांगले. दाखल क्रमांकाचा शिक्का थेट मजकुरावर मारण्याऐवजी पाकिटावर लिहिता येतो.

सुरुवात एका कागदापासून

जुलै हा जगभर ‘आंतरराष्ट्रीय झीन महिना’ म्हणून पाळला जातो. पण वाचनालयात कार्यशाळा घ्यायला कोणताही शनिवार पुरतो. एक ए-फोर कागद, पेन आणि कात्री एवढ्यावर आठ पानी झीन होते.

कागदाची तीन वेळा अर्धी घडी घालून उघडायची, म्हणजे आठ चौकोन दिसतात. आता आखूड कडा एकमेकींवर येतील अशी एकच घडी घालायची आणि घडीच्या बाजूकडून मधल्या रेषेवर आडव्या घडीपर्यंत, म्हणजे निम्म्या अंतरापर्यंत, कापायचे. कागद उघडून लांबीच्या दिशेने घडी घालायची आणि दोन्ही टोके आत ढकलायची. मधली चीर उघडते, कागद अधिकच्या चिन्हासारखा दिसतो आणि पाने एका दिशेला दुमडली की पुस्तिका तयार होते. सगळा मजकूर कागदाच्या एकाच बाजूला येतो, त्यामुळे एका बाजूच्या झेरॉक्सच्या खर्चात एक प्रत निघते. जास्त पाने हवी असतील तर कागद मधोमध दुमडून घडीवर पिना मारतात. तेव्हा एकूण पाने चारच्या पटीत ठेवावी लागतात.

कार्यशाळेच्या शेवटी प्रत्येकाला विचारावे, की हे झीन घरी न्यायचे, मित्रांना द्यायचे की ग्रंथालयात ठेवायचे? काही जण ठेवतील, काही ठेवणार नाहीत. ज्यांनी ठेवले त्यांची चिठ्ठी झीनसोबत पाकिटात ठेवावी. वीस वर्षांनी ते पाकीट उघडणाऱ्या ग्रंथपालाला लेखकाचा पत्ता कदाचित सापडणार नाही, पण त्याचे म्हणणे काय होते ते तिथेच लिहिलेले असेल.